डावे-उजवे ओळखणारी अणुकेंद्रे

मॉस्कोतल्या सैद्धांतिक आणि प्रायोगिक भौतिकी संस्थेच्या अणुभट्टीतून निघालेला मंद न्यूट्रॉनांचा झोत कॅडमियमवर सोडला जात होता. कॅडमियम न्यूट्रॉन गिळण्यात मोठे पटाईत. अणुभट्टी आवरण्यासाठी त्याच्या कांड्या वापरतात त्या म्हणूनच. न्यूट्रॉन गिळला की कॅडमियमचे अणुकेंद्र उत्तेजित होते आणि गॅमा किरण बाहेर टाकून शांत होते. यात नवे काहीच नव्हते. युरी आबोव आणि त्यांचे सहकारी क्रुप्चित्स्की व ओरातोव्स्की यांचा प्रश्न मात्र नवा होता. झोतातल्या न्यूट्रॉनांचे स्पिन (स्वतःभोवती फिरण्याचे अक्ष) एकाच दिशेला वळवले, तर गॅमा किरण त्या दिशेला जास्त जातात की विरुद्ध दिशेला? अणुकेंद्रात फक्त प्रबल बलाचे आणि विद्युतचुंबकीय बलाचे राज्य असेल, तर दोन्हीकडे अगदी सारखे जायला हवेत. १९६४ मध्ये त्यांनी उत्तर प्रसिद्ध केले: सारखे जात नाहीत. फरक १०,००० मध्ये ३.७ इतका, आणि मापनातली अनिश्चितता ०.९.

आकडा लहान आहे, पण त्यातून कळले ते लहान नव्हते. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन ज्या प्रचंड बलाने एकमेकांना धरून असतात, त्याच्याच आडोशाला आणखी एक बल अणुकेंद्रात काम करते. ते जवळपास एक कोटी पटींनी दुबळे आहे, आणि त्याला डावे-उजवे कळते. आरशाची सममिती मोडल्याची गोष्ट लोकप्रिय पुस्तके १९५७ च्या जानेवारीत संपवतात. आबोव यांचे नावही त्यांत सहसा नसते. मला हे फार खटकते, कारण त्या गोष्टीतला सर्वांत चिवट भाग पुढच्या साठ वर्षांत घडला.

तरी सुरुवात १९५७ च्या आधीपासूनच करायला हवी. निसर्गाचे नियम आरशातल्या प्रतिमेलाही तसेच लागू पडतात, हे तत्त्व युजीन विग्नर यांनी १९२७ मध्ये पुंजयामिकीत आणले आणि त्यातून ‘पॅरिटी’ ही राशी आली. कुठल्याही घडामोडीत पॅरिटी बदलत नाही, असे पुढची तीस वर्षे सगळे धरून चालले. हा विश्वास आंधळा नव्हता. अणूंचे वर्णपट आणि अणुकेंद्रांच्या अभिक्रिया या गृहीतावर चोख बसत होत्या. शंका आली ती विश्वकिरणांत सापडलेल्या के-मेसॉनांमुळे. एक कण दोन पायॉनांत फुटे, दुसरा तीन पायॉनांत. दोघांचे वस्तुमान सारखे, आयुष्य सारखे. पण फुटण्याच्या तऱ्हेवरून पॅरिटी उलट. हे दोन कण की एकच?

या कोड्याच्या काळात मुंबईही या विषयापासून दूर नव्हती. अपोलो बंदरावरच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्था होती. तिथे बर्नार्ड पीटर्स, देवेंद्र लाल आणि यश पाल फुग्यांतून आकाशात पाठवलेल्या फोटोग्राफिक इमल्शनवर के-मेसॉनांचे माग शोधत होते. त्याच संस्थेत काही वर्षे काम करून जॉर्ज सुदर्शन नावाचा केरळी तरुण १९५५ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरला शिकायला गेला. त्याचे नाव पुढे येणारच आहे.

या कोड्यामुळे १९५६ च्या उन्हाळ्यात त्सुंग-दाओ ली आणि चेन-निंग यांग यांनी जुने पुरावे एकेक करून तपासले. त्यांना आढळले की प्रबल आणि विद्युतचुंबकीय बलांत पॅरिटी टिकते याला भरपूर पुरावा आहे, पण बीटा-ऱ्हास घडवणाऱ्या दुर्बल बलात ती टिकते की नाही हे कोणी पाहिलेलेच नाही. त्यांचा लेख ऑक्टोबरमध्ये छापून आला. त्याआधीच कोलंबिया विद्यापीठातल्या चिएन-शिउंग वू कामाला लागल्या होत्या. पतीबरोबर ‘क्वीन एलिझाबेथ’ बोटीने ठरलेला प्रवास त्यांनी रद्द केला. पती एकटेच गेले. वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये अर्नेस्ट अँबलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांसह वू यांनी कोबाल्ट-६० ची अणुकेंद्रे निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या सुमारे शंभराव्या भागापर्यंत थंड केली, चुंबकीय क्षेत्रात त्यांचे स्पिन एका दिशेला लावले आणि बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजले. इलेक्ट्रॉन स्पिनच्या उलट दिशेला जास्त जात होते.

यातून पॅरिटी कशी मोडते? फिरणारी एखादी वस्तू आरशासमोर उभी धरली, तर प्रतिमेत फिरण्याची दिशा उलटते, पण वरची बाजू वरच राहते. म्हणजे आरशात स्पिन उलटतो आणि वर उडालेला कण मात्र वरच उडालेला दिसतो. कण स्पिनच्या उलट दिशेला जातात असा आपल्याकडचा नियम असेल, तर आरशातल्या जगात ते स्पिनच्या दिशेला जातात असा नियम होईल. दोन्हींकडे नियम एकच हवा असेल, तर कणांना कुठल्याच बाजूचा ओढा असता कामा नये. वू यांना ओढा सापडला, आणि तोही भरघोस. १५ जानेवारी १९५७ रोजी कोलंबियाने तो जगाला कळवला. त्याच वर्षी ली आणि यांग यांना नोबेल मिळाले. वू यांना ते कधीच मिळाले नाही, आणि हा अन्याय होता असे मला आजही वाटते.

बीटा-ऱ्हासात पॅरिटी मोडलेली इतकी ठळक दिसते, कारण तिथे रंगमंचावर दुर्बल बल एकटेच असते. इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो त्याच्याशिवाय जन्मालाच येत नाहीत. आता सुदर्शन यांचे नाव पुन्हा येते. रॉचेस्टरमध्ये त्यांनी आपले मार्गदर्शक रॉबर्ट मार्शाक यांच्यासह १९५७ मध्ये दुर्बल बलाचे सर्वत्र एकच असणारे रूप शोधून काढले. रिचर्ड फाइनमन आणि मरे गेलमन यांनीही १९५८ च्या सुरुवातीला तेच रूप मांडले आणि प्रसिद्धी मुख्यतः त्यांच्याच वाट्याला आली. या मांडणीचा एक परिणाम असा की दुर्बल बल न्यूट्रॉनाचा प्रोटॉन करते, तसेच ते न्यूट्रॉन आणि प्रोटॉन यांच्यामध्ये, दोघांपैकी कोणाचेही रूप न बदलता, थेट खेचाखेचीही करते. बीटा-ऱ्हास नाही, इलेक्ट्रॉन नाही, न्यूट्रिनो नाही. अणुकेंद्रातल्या दोन शेजाऱ्यांमधले नुसते दुर्बल बल.

असे बल असलेच, तर ते दिसणार कसे? त्याच दोन शेजाऱ्यांमध्ये प्रबल बल एक कोटी पटींनी जास्त जोराने काम करत असते. ऊर्जेच्या मापनातून किंवा अभिक्रियांच्या वेगातून इतका बारीक फरक वेगळा काढणे अशक्य. ओळख पटवणारी एकच खूण उरते: प्रबल बलाला डावे-उजवे कळत नाही, दुर्बलाला कळते. म्हणून अणुकेंद्रात पॅरिटी मोडलेली दिसली, तर तिथे दुर्बल बलाचा हात आहे हे नक्की. या शोधाला लागलेले लोक आरशाच्या सममितीविषयी आता नवे काही सिद्ध करायला निघाले नव्हते. मोडलेल्या सममितीचा उपयोग ते एका लपलेल्या बलाचा माग काढायला करत होते.

१९५७ मध्येच नील टॅनर यांनी एक प्रयत्न केला. फ्लोरिनवर प्रोटॉन आदळवून त्यांनी पॅरिटीच्या नियमाने निषिद्ध ठरलेला अल्फा-ऱ्हास शोधला. काही हाती लागले नाही. अशा निषिद्ध वाटेत अडचण अशी असते की तिची शक्यता दुर्बल मिसळणीच्या वर्गाइतकी असते, म्हणजे एक कोटीव्या भागाचा आणखी एक कोटीवा भाग. दुसरी वाट अधिक बरी. ध्रुवित, म्हणजे स्पिन एकाच दिशेला वळवलेला, न्यूट्रॉन गिळलेल्या अणुकेंद्रातून गॅमा किरण निघतो, तेव्हा पॅरिटी पाळणारा मोठा आयाम आणि मोडणारा लहान आयाम यांचे व्यतिकरण होते. मग परिणाम मिसळणीच्या पहिल्या घाताइतका असतो, वर्गाइतका नव्हे.

आबोव यांनी हीच वाट घेतली, आणि कॅडमियम-११३ ची निवडही विचारपूर्वक होती. जड अणुकेंद्रात न्यूट्रॉन शिरला की त्याची ऊर्जा शंभरेक कणांत वाटली जाते आणि एक संमिश्र अणुकेंद्र तयार होते. त्या ऊर्जेला ऊर्जापातळ्यांची इतकी दाटी असते की उलट पॅरिटीच्या दोन पातळ्या एकमेकींना अगदी खेटून सापडतात. दुर्बल बल दोन पातळ्या किती मिसळते हे त्यांच्यातल्या अंतरावर अवलंबून असते. अंतर जितके कमी तितकी मिसळण जास्त. त्यात कॅडमियम-११४ च्या तळाच्या पातळीवर थेट उतरणारा ९ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण बाकीच्या गर्दीतून वेगळा काढता येतो. म्हणून एक कोटीत एक इतका अपेक्षित परिणाम वाढून १०,००० मध्ये ४ झाला होता. जड अणुकेंद्रातला जो गोंधळ सिद्धांतवाल्यांना नकोसा वाटे, त्यानेच मोजणाऱ्यांना हात दिला.

अनिश्चिततेच्या चौपट असलेला परिणाम पाहून सगळ्यांचे समाधान होणे शक्य नव्हते. गोष्ट पक्की केली ती लेनिनग्राडच्या व्लादिमीर लोबाशोव यांनी, आणि त्यांची पद्धत हा प्रायोगिक भौतिकीतल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक आहे. त्यांनी न्यूट्रॉनांऐवजी टँटलम-१८१ च्या अणुकेंद्रातून निघणारे ४८२ हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण घेतले. पॅरिटी मोडत असेल, तर या किरणांत थोडे वर्तुळाकार ध्रुवण असायला हवे, म्हणजे डावे किंवा उजवे वळण. ते तपासायला किरण चुंबकित लोखंडातून न्यायचे. लोखंडाचे चुंबकन उलटवले की पार जाणाऱ्या किरणांची संख्या किंचित बदलते. हा बदल अंदाजे एक कोटीत एक इतका. तो पाहायला शंभर लाख कोटी किरण मोजावे लागतात. त्या काळच्या उपकरणांनी सेकंदाला एक लाख मोजले, तरी तीस वर्षे लागली असती.

लोबाशोव यांनी मोजणेच सोडून दिले. किरणांचा प्रपात इतका जोरदार ठेवला की एकेक किरण वेगळा ओळखू येणे अशक्य व्हावे, आणि शोधकातून वाहणारा सलग प्रवाह तेवढा घेतला. लोखंडाचे चुंबकन एका ठरावीक ठेक्यात उलटवत ठेवले. प्रवाहात त्याच ठेक्यावर उमटणारी अतिसूक्ष्म लाट साठवायला त्यांनी वापरला तो खगोलीय घड्याळाचा लोलक. झोपाळ्याला योग्य वेळी बोटाने ढकलत राहिले, तर अखेर तो उंच जातो. तसा तासन् तास मिळणाऱ्या नगण्य धक्क्यांनी लोलकाचा झोका वाढत गेला. ठेका सोडून येणारे धक्के एकमेकांना खोडून काढत. १९६७ मध्ये उत्तर आले: ध्रुवण १० लाखांत ६, अनिश्चितता १. आता शंकेला जागा उरली नाही. १९७४ मध्ये आबोव, क्रुप्चित्स्की, लोबाशोव आणि त्यांचे सहकारी नाझारेन्को यांना सोव्हिएत संघाचा लेनिन पुरस्कार मिळाला.

लोबाशोव यांच्याबद्दलचा माझा आदर त्यांच्या दुसऱ्या एका मापनामुळे आणखी वाढला. जड अणुकेंद्रात परिणाम मोठा होतो खरा, पण नेमका किती पटींनी मोठा झाला हे सांगता येत नाही. त्यामुळे मूळ दुर्बल बलाची ताकद कळत नाही. ती हवी असेल, तर सर्वांत साध्या अभिक्रियेकडे जायला हवे: न्यूट्रॉन आणि प्रोटॉन एकत्र येऊन ड्यूटेरॉन बनतो आणि एक गॅमा किरण निघतो. १९७२ मध्ये लेनिनग्राडच्या गटाने या किरणाचे वर्तुळाकार ध्रुवण मोजले आणि ते १० लाखांत १.३ निघाले. सिद्धांताच्या अपेक्षेपेक्षा हे कितीतरी पटींनी जास्त होते. सिद्धांतवाल्यांनी बरीच वर्षे डोके खाजवले, पण मेळ बसला नाही. शेवटी त्याच गटाने नव्या मांडणीने पुन्हा मापन केले आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शून्याशी जुळणारे उत्तर प्रसिद्ध केले. आधीचा मोठा आकडा चुकीचा होता हे दाखवून दिले ते त्यांनीच.

दरम्यान मॉस्कोच्या त्याच संस्थेतून १९७७ मध्ये आणखी एक अचंबित करणारी बातमी आली. गेन्नादी दानिल्यान यांच्या गटाने ध्रुवित न्यूट्रॉनांनी युरेनियम आणि प्लुटोनियमचे भंजन घडवले. भंजनात अणुकेंद्राचे दोन असमान तुकडे होतात, एक हलका आणि एक जड. हलका तुकडा न्यूट्रॉनाच्या स्पिनच्या एका बाजूला किंचित जास्त उडत होता. प्रमाण पुन्हा १०,००० मध्ये एक या घरातले. हे कोणाला अपेक्षित नव्हते. फुटलेल्या तुकड्यांच्या अंतिम अवस्था इतक्या अगणित असतात की प्रत्येकीचा कल वेगळा असून सगळे मिळून शून्य व्हायला हवे होते. तसे झाले नाही, कारण अणुकेंद्र फुटण्याआधी ताणले जाते, नासपतीच्या आकाराचे होते, आणि त्या टप्प्यावर त्याच्यापुढे मोजक्याच वाटा असतात. डावे-उजवे त्याच्या आधीच, संमिश्र अणुकेंद्रात, ठरून गेलेले असते. फुटताना अणुकेंद्र तो कल सोबत नेते.

आता थोडे ग्रनोबलकडे. फ्रान्समधल्या या गावातल्या लाउ-लांजव्हँ संस्थेची अणुभट्टी तेव्हा न्यूट्रॉनांची जगातली सर्वांत उजळ खाण होती. पदार्थातून जाताना न्यूट्रॉनाचा स्पिन आपल्या गतीच्या दिशेभोवती किंचित वळावा, अशी शक्यता कर्टिस मिशेल यांनी १९६४ मध्ये मांडली होती. इटलीच्या फोर्ते यांनी त्यावर पुढचा विचार केला: अनुस्पंदनाच्या जवळ, म्हणजे न्यूट्रॉनाची ऊर्जा अणुकेंद्राच्या एखाद्या पातळीशी जुळते तिथे, हे वळणे वाढेल, आणि कथिलाच्या १२४ वस्तुमानांकाच्या समस्थानिकात ते दिसेल. १९८० मध्ये फोर्ते, नॉर्मन रॅमसे, ब्लेन हेकेल आणि सहकाऱ्यांनी मापन केले. कथिल-१२४ मध्ये काही सापडले नाही. तुलनेसाठी घेतलेल्या कथिल-११७ मध्ये मात्र स्पिन दर सेंटिमीटरला एका अंशाच्या जवळपास पाचशेव्या भागाइतका वळत होता, अपेक्षेपेक्षा खूपच जास्त. उत्तर नको तिथे सापडले होते, आणि ते का सापडले याचा उलगडा सैबेरियातून झाला.

नोवोसिबिर्स्कच्या अणुकेंद्र भौतिकी संस्थेत ओलेग सुश्कोव आणि व्हिक्टर फ्लामबाउम यांनी १९८० मध्ये हिशेब मांडला. मंद न्यूट्रॉन अणुकेंद्रात शिरतो तो बहुतेक वेळा सरळ, कोनीय संवेगाशिवाय. त्याला एस-तरंग म्हणतात. एक एकक कोनीय संवेग घेऊन पी-तरंगाने शिरणे फार अवघड, कारण इतक्या कमी वेगाच्या न्यूट्रॉनासाठी त्या वाटेचा आयाम हजारेक पटींनी लहान असतो. म्हणून पी-तरंगाची अनुस्पंदने अगदी पुसट असतात आणि अभ्यासक त्यांच्याकडे दुर्लक्षच करत आले होते. पण पुसट असणे हाच त्यांचा गुण. पी-अनुस्पंदनात दुर्बल बलाने शेजारच्या एस-पातळीचा जरासा अंश मिसळला, तर न्यूट्रॉनाला शिरायला ती हजारपट रुंद वाट मिळते आणि मिसळलेला अंश ठसठशीत दिसू लागतो. पातळ्यांच्या दाटीने मिळणारी शेकडो ते हजार पटींची वाढ आणि वाटेच्या रुंदीची आणखी हजारपट वाढ यांचा गुणाकार केला, तर एक कोटीव्या भागाचा परिणाम कित्येक टक्क्यांवर जातो. असे भाकीत ऐकून अनेकांच्या भुवया उंचावल्या असणार.

भाकीत पडताळायला योग्य जागा होती दुब्ना. मॉस्कोच्या उत्तरेला, व्होल्गाकाठच्या या विज्ञाननगरीत आयबीआर-३० ही स्पंदांनी चालणारी अणुभट्टी होती. एका स्पंदात सगळे न्यूट्रॉन एकदम सुटतात. वेगवान आधी पोचतात, मंद मागाहून, त्यामुळे पोचायच्या वेळेवरून प्रत्येकाची ऊर्जा कळते. फ्योदोर शापिरो यांनी तिथे न्यूट्रॉन ध्रुवित करण्याची एक युक्ती उभी केली होती: ध्रुवित प्रोटॉनांच्या अतिशीत लक्ष्यातून झोत गाळायचा. एका स्पिनचे न्यूट्रॉन त्यात अडतात, दुसऱ्या स्पिनचे पार होतात. शापिरो १९७३ मध्ये वारले, पण त्यांची गाळणी दुब्नात होती. आल्फिमेन्कोव, लेव पिकेलनर, एदुआर्द शारापोव आणि व्हिएतनामहून आलेले व्हो व्हान थुआन यांच्या गटाने तिच्या साहाय्याने कथिल, ब्रोमिन, कॅडमियम आणि लँथॅनम यांची पी-अनुस्पंदने तपासली.

लँथॅनम-१३९ चे अनुस्पंदन ०.७३ इलेक्ट्रॉनव्होल्टवर आहे. तिथे न्यूट्रॉनाचा वेग सेकंदाला सुमारे १२ किलोमीटर असतो. स्पिन गतीच्या दिशेला असलेले आणि उलट असलेले न्यूट्रॉन त्या अनुस्पंदनात किती शोषले जातात, याची तुलना केली. असमानता ७.३ टक्के निघाली. पुढच्या मापनांत ती साडेनऊ टक्क्यांच्या जवळ गेली. दहा हजारांत चार पाहण्यासाठी आबोव यांनी जिवाचे रान केले होते. त्यानंतर वीसेक वर्षांत तोच परिणाम टक्क्यांत मोजता येऊ लागला. टक्क्यांत दिसणारी ही आरशाची मोडतोड पाहण्यासाठी आता लोलकाची गरज नव्हती.

त्यानंतर अमेरिकेत लॉस अलामोसला डेव्हिड बोमन, गॅरी मिचेल आणि रसेल रॉबर्सन यांच्या पुढाकाराने ‘ट्रिपल’ नावाचा गट उभा राहिला. त्यांच्याकडे ८०० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रोटॉनांनी टंगस्टनमधून उडवलेले न्यूट्रॉन होते, म्हणजे दुब्नापेक्षा कितीतरी तीव्र झोत. त्यांनी एकेका अनुस्पंदनावर न थांबता एकाच अणुकेंद्राची अनेक अनुस्पंदने मोजायचे ठरवले. त्यामागचा विचार सुंदर आहे. संमिश्र अणुकेंद्राची अवस्था इतकी गुंतागुंतीची असते की तिच्यातल्या दुर्बल मिसळणीचे चिन्ह, धन की ऋण, हे छापा-काट्यासारखे स्वैर असायला हवे. एका अनुस्पंदनाच्या आकड्यावरून काहीच निष्कर्ष काढता येत नाही, पण पुष्कळ आकड्यांचा पसारा पाहिला तर सरासरी ताकद काढता येते. ती एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या हजाराव्या भागाच्या आसपास निघाली, सिद्धांताने सांगितली तितकीच.

पण थोरियम-२३२ ने सगळ्यांना कोड्यात टाकले. १९९१ मध्ये त्यातल्या ७ अनुस्पंदनांत परिणाम स्पष्ट दिसला, आणि सातही चिन्हे धन होती. स्वैर चिन्हे असताना सातच्या सात एकाच बाजूला पडण्याची शक्यता ६४ मध्ये १. पुढे मापन सुधारले तेव्हा १० पैकी १० एकाच चिन्हाची निघाली. म्हणजे ५१२ मध्ये १. अणुकेंद्रातला गोंधळ खरोखर स्वैर नाही की काय? अनेक सिद्धांत पुढे आले. त्यांतल्या बऱ्याच जणांना हिशेब जुळवायला दुर्बल बल प्रमाणाबाहेर मोठे मानावे लागले, आणि ते इतर मापनांशी बसेना. बोमन आणि मिचेल यांच्या गटाने मग वादाच्या मागे न लागता ज्याने वाद मिटेल ते केले: आणखी अणुकेंद्रे मोजली. चांदी, पॅलेडियम, इंडियम, आयोडीन, झेनॉन, युरेनियम असे करत सत्तरहून अधिक स्पष्ट परिणाम जमा झाले. थोरियम सोडले, तर चिन्हे दोन्ही प्रकारची होती. थोरियमचे एकाच बाजूला झुकणे त्या अणुकेंद्रापुरतेच आहे, स्वैरपणाचा नियम शाबूत आहे, असा निष्कर्ष निघाला. २००१ मध्ये या सगळ्या कामाचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला, त्याच्या चार लेखकांत मिचेल, बोमन आणि पेंटिला यांच्यासोबत दुब्नाचे शारापोव आहेत. ज्या लॉस अलामोसला पहिला अणुबाँब घडला, तिथल्या कामावर सोव्हिएत प्रयोगशाळेत घडलेल्या भौतिकशास्त्रज्ञाचे नाव असावे, ही गोष्ट मला त्या काळाविषयी बरेच काही सांगते.

जड अणुकेंद्रांनी दुर्बल बल आहे हे दाखवले, त्याची सरासरी मोजून दिली. पण दोन कणांमध्ये नेमके किती, हा लोबाशोव यांचा प्रश्न तसाच उरला होता. दुर्बल बलाचे वाहक कण इतके जड आहेत की त्यांचा पल्ला प्रोटॉनाच्या आकाराच्या सुमारे चारशेव्या भागाइतकाच असतो, आणि प्रबल बल दोन कणांना तितके जवळ येऊच देत नाही. त्यामुळे दुर्बल बल मध्यस्थामार्फत पोचते: एका बाजूला दुर्बल आणि दुसऱ्या बाजूला प्रबल जोड असलेल्या मेसॉनाच्या देवघेवीतून. १९८० मध्ये देप्लांक, डोनाह्यू आणि होल्स्टाइन यांनी या जोडांच्या किमतींचे अंदाज दिले. पायॉनाच्या जोडाची त्यांची सर्वांत संभाव्य किंमत एक कोटीत ४.६ होती, पण खरी किंमत शून्यापासून त्याच्या अडीचपटीपर्यंत कुठेही असू शकेल, असेही त्यांनी सांगितले होते. इतक्या सैल अंदाजावर कोण समाधान मानणार?

टेनेसीतल्या ओक रिज इथल्या स्पलेशन न्यूट्रॉन स्रोतावर हा प्रश्न घेऊन एक गट बसला. लॉस अलामोसला सुरू झालेला त्यांचा प्रयोग तिथे हलवण्यात आला होता. १६ लिटर द्रवरूप हायड्रोजन, त्यावर ध्रुवित शीत न्यूट्रॉन, आणि भोवती सीझियम आयोडाइडचे ४८ शोधक. गॅमा किरण एकेक करून मोजायचे नाहीत, शोधकांतला प्रवाह तेवढा पाहायचा; लेनिनग्राडची १९६० च्या दशकातली पद्धत इथे पुन्हा कामी आली. २०१८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: न्यूट्रॉनाच्या स्पिनच्या उलट बाजूला गॅमा किरण १०० कोटींत ३० ने जास्त, सांख्यिकीय अनिश्चितता १४. पायॉनाचा जोड एक कोटीत २.६ निघाला, अनिश्चितता १.२. दोन वर्षांनी हीलियम-३ वरच्या प्रयोगाचा असाच सूक्ष्म आकडा आला. किमतीचा अंदाज आता बराच आवळला आहे, पण अनिश्चितता अजून किमतीच्या जवळपास निम्मी आहे.

लँथॅनमकडे मात्र नव्या कामासाठी पुन्हा लोक वळले आहेत. १९८० च्या दशकातच लेनिनग्राडच्या बुनाकोव आणि गुदकोव यांनी दाखवले होते की पी-अनुस्पंदनात पॅरिटीचे मोडणे ज्या गुणाकाराने फुगते, त्याच गुणाकाराने काळाच्या दिशेची सममिती मोडत असेल तर तीही फुगेल. विश्वात प्रतिद्रव्यापेक्षा द्रव्य इतके जास्त का, या प्रश्नाशी त्या सममितीचे नाते आहे. ती पाहायला न्यूट्रॉन ध्रुवित असून भागत नाही. लँथॅनमची अणुकेंद्रेही ध्रुवित हवीत. त्यासाठी लँथॅनम अॅल्युमिनेटचे स्फटिक अतिशीत तापमानाला ठेवून तयार केले जातात. जपानमधल्या तोकाई इथल्या जे-पार्कच्या न्यूट्रॉन झोतावर ०.७३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या त्याच अनुस्पंदनाची बारीक मोजमापे झाली आहेत. ध्रुवित स्फटिकातून जाताना न्यूट्रॉनाचा स्पिन भलतीकडे वळू नये यासाठी चुंबकीय क्षेत्र कसे राखायचे, यावर आता काम चालू आहे.